चकमक की टोपी? ठासणीच्या बंदुकीच्या दोन खटक्यांच्या प्रकल्प नोंदी

30 जून 2024

किल्ल्यांवर फिरणाऱ्या आमच्या पोरांनी दिवाळीत शस्त्रांचं छोटं प्रदर्शन मांडायचं ठरवलंय. तलवारी, पट्टे, भाले यांची सोय झाली. बंदुकीपाशी घोडं अडलं. काचेआड ठेवलेली जुनी बंदूक बघून पोरांना काही कळत नाही. लांब नळी आणि लाकूड, एवढंच दिसतं. खरी गंमत असते खटक्यात, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रात, आणि तो लाकडाच्या पोटात लपलेला.

म्हणून दोन खटके उघडे करून दाखवायचे. एक चकमकीचा: घोड्याच्या जबड्यात गार, म्हणजे ठिणगी पाडणारा दगड, धरलेली, ती समोरच्या पोलादी पात्यावर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकीवर, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूवर, पडतात आणि रंजकीची आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकातून, आत शिरते. दुसरा टोपीचा: वाटी नाही, गार नाही, एका निपलवर, म्हणजे पोकळ खुंटीवर, आघाताने फुटणारा मसाला भरलेली तांब्याची इवली टोपी बसवलेली, घोडा थेट तिच्या डोक्यात. समोरच्या पोलादी पात्याला फ्रिझन म्हणतात. पुढे तेच नाव वापरतो, कारण याच पात्याने माझे दोन महिने खाल्ले.

नियम आधीच घालून घेतला: नळी नाही, दारू नाही, निपलला आरपार भोक नाही. तरी पोलीस ठाण्यात चित्रासह अर्ज देऊन पोच घेतली. अर्धा दिवस गेला, पण मन निवांत झालं. कुणाच्या माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक असेल आणि हे वाचून ती खोलायची इच्छा झाली, तर आधी 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे तिचं काय करायचं ते विचारून या. पान्याला हात नंतर.

आमची शेड सांगलीजवळच्या कुपवाडला. एक लेथ, एक ड्रिल मशीन, दोन व्हाइस. काम फक्त रविवारी.

7 जुलै

पहिली चूक, तीही हौसेची. लांबून दिसावं म्हणून दुप्पट आकार ठरवला. खटक्याची पाटी 6 मिलिमीटरच्या पारदर्शक ॲक्रिलिकची, म्हणजे आतली हालचाल दिसेल. ॲक्रिलिक कापून आणलं, 1150 रुपये. घोडा एमएस (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) प्लेटमधून कापला, कानसून गुळगुळीत केला आणि हातात घेतल्यावर लक्षात आलं की हा घोडा नव्हे, हातोडा आहे.

मेहुणा इंजिनिअरिंगला आहे. तो शांतपणे म्हणाला, "दाजी, लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं." शाळेत शिकलो होतो मीसुद्धा. रिकामा घोडा हाताने सोडून बघितला, ॲक्रिलिकला भोकापासून तडा गेला. 1150 गेले.

14 जुलै

दीडपट. वजन साडेतीनपटीच्या आत राहतं. नवीन ॲक्रिलिक 780 रुपये. या वेळी पिव्हटच्या भोकांत पितळी बुश बसवले, म्हणजे पिन थेट ॲक्रिलिकवर घासत नाही. भोकं पाडताना ड्रिलचा वेग कमी ठेवा आणि खाली लाकडाची फळी घ्या, नाहीतर बिट बाहेर पडताना ॲक्रिलिकचा टवका उडतो. एक उडवला. तो कोपरा आता पितळी पट्टीखाली झाकलाय.

26 जुलै

आठवडाभर पाऊस. कृष्णा 40 फुटांची इशारा पातळी गाठते की काय या धास्तीने गावभागातले पाहुणे सामान घेऊन आमच्याकडे आलेत. 2019 च्या महापुरानंतर कुणी वाट बघत बसत नाही. घरात माणसं वाढली, म्हणून मी शेडमध्ये जास्त वेळ बसलो आणि टोपीचा खटका जवळजवळ पूर्ण झाला.

आतला भाग दोन्ही खटक्यांत सारखाच, हे चांगलं लक्षात ठेवा. घोड्याच्या आसावर दोन खाचांचा टंबलर, त्या खाचांत अडकणारं टोक, त्याला ढकलणारी छोटी स्प्रिंग आणि घोड्याला ताकद देणारी मोठी व्ही आकाराची स्प्रिंग. पहिली खाच अर्ध्या चापाची, तिच्यातून घोडा सुटता कामा नये. दुसरी पूर्ण चापाची. म्हणून तर त्या काळात चकमकीच्या हजारो बंदुका बाहेरून बदलून टोपीच्या केल्या गेल्या. वाटी आणि फ्रिझन काढायचं, घोडा बदलायचा, निपल बसवायचं. आतलं यंत्र तेच.

तात्पुरती सायकलच्या स्टँडची स्प्रिंग वापरून घोडा पाडला. खट्ट. पहिल्या झटक्यात. मेहुणा म्हणाला, "झालं की! चकमकीचा कशाला करताय?"

4 ऑगस्ट

काम नाही. पोरांना घेऊन साताऱ्याला संग्रहालयात वाघनखं बघायला गेलो. गर्दी एवढी, की वाघनखांपेक्षा लोकांच्या मोबाईलचे पडदेच जास्त दिसले. परतताना गाडीत पोरांना एक गोष्ट सांगितली: इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून काढलं ते 1839 साली आणि इंग्रजांच्याच लष्कराने टोपीची 1839 पॅटर्न बंदूक स्वीकारली तेही त्याच साली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण साल पाठ झालं.

11 ऑगस्ट

टोपीच्या जागी दिवाळीतली टिकली वापरायची कल्पना माझी. ऑगस्टमध्ये टिकली मिळवण्यासाठी पाच दुकानं फिरलो. शेवटी एका किराणावाल्याने मागच्या वर्षीचा डबा पोटमाळ्यावरून काढून दिला.

दहांपैकी तीन फुटल्या. बाकीच्या दमट होत्या. तिसरी फुटली तेव्हा जळक्या कागदाचा कपटा माझ्या भुवईवर येऊन चिकटला. चष्मा होता म्हणून बरं. खऱ्या बंदुकीच्या घोड्याचं तोंड सपाट नसतं, त्याला वाटीसारखा खोलगा असतो, आणि तो का, हे मला त्या क्षणी कळलं: टोपी फुटल्यावर तांब्याचे तुकडे नेमबाजाच्या डोळ्यात उडू नयेत म्हणून. लेथवर घोड्याच्या तोंडात 3 मिलिमीटर खोलगा केला. कपटे आता आतच राहतात. प्रात्यक्षिकाला चष्मा सगळ्यांना सक्तीचा.

टिकल्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या. पुढच्या रविवारी दहांपैकी नऊ.

18 ऑगस्ट

चकमकीला सुरुवात. फ्रिझन एमएसचं केलं, कारण प्लेट शिल्लक होती. आकार छान जमला. तापवून पाण्यात बुडवलं. गार घासली. ठिणगी शून्य.

एमएसमध्ये कार्बन इतका कमी की ते पाणी घेतच नाही, म्हणजे बुडवून कडक होत नाही. कितीही तापवा, कितीही बुडवा. ठिणगी म्हणजे गारेने तासलेला पोलादाचा बारीक कण, घासण्याच्या उष्णतेने पेटलेला. पोलाद कडक नसेल तर गार त्याला तासत नाही, नुसती ओरबाडते. फिटरचा आयटीआय केलेल्या माणसाने ही चूक करावी याची लाज वाटते, पण नोंदी खऱ्या ठेवायच्या म्हणून लिहितोय.

25 ऑगस्ट

जुनी 14 इंची कानस घेतली. कानशीत कार्बन भरपूर. आधी लाल तापवून राखेत रात्रभर निवू दिली, मग कापता येण्याइतकी मऊ झाली. दात घासून काढले, आकार दिला, पुन्हा तापवून पाण्यात सोडली. टिंग असा आवाज आला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. मधोमध केसाएवढी चीर, आणि गारेच्या तिसऱ्या घावाला दोन तुकडे.

दोन रविवारांचं काम. बायकोने चहा आणून ठेवला आणि काही न बोलता गेली. तेच बरं केलं.

1 सप्टेंबर

मिरज रस्त्यावरच्या लोहारमामांकडे गेलो. मामा ऊसतोडीचे कोयते करतात. चिरलेलं फ्रिझन बघून हसले.

"मिस्त्री, लेथवर काय बी करा, पर पानी पाजायचं काम तुमचं न्हवं."

"मामा, पाण्यातच तर सोडलं."

"तेच चुकलं की. कोयत्याची धार पातळ, तिला पानी चालतंय. ह्ये जाड-बारीक हाय. तेलात सोडायचं."

भाता मारून मामांनी दुसऱ्या कानशीचा तुकडा तापवला. लाली डोळ्याने ओळखतात, मी लोहचुंबक घेऊन गेलो होतो. पोलाद पुरेसं तापलं की चुंबक त्याला चिकटेनासं होतं. मामा म्हणाले "आता", मी चुंबक लावलं, चिकटलं नाही. तीनदा तपासलं, तीनदा तेच. चुंबक खिशात ठेवून दिलं.

तेलात बुडवलं, टिंग नाही. घरी येऊन ओव्हनमध्ये 200 अंशांवर तासभर ठेवलं, फिकट पिवळा रंग येईपर्यंत. ओव्हनला दोन दिवस जळक्या तेलाचा वास होता. तो विषय घरात अजून संपलेला नाही.

मामांना 600 रुपये दिले. घेत नव्हते, जबरदस्तीने दिले.

7 ते 17 सप्टेंबर

गणपती. शेड बंद.

22 सप्टेंबर

मोठी स्प्रिंग. भंगारातून ट्रकच्या पाट्याचा तुकडा आणला, 140 रुपये. पट्टी कापून व्ही आकारात वाकवली, तेलात कडक केली आणि उत्साहात टेम्पर न करताच, म्हणजे पुन्हा थोडी तापवून चिवट न करताच, लावली. घोडा चढवताना तुकडा उडून पत्र्याच्या छताला लागला. छताला खोक पडलीय, ती आता ठेवणारच आहे.

दुसरी टेम्पर केली, पण जास्तच. एकदा दाबल्यावर दाबलेलीच राहिली.

तिसरी निळ्या रंगापर्यंत तापवली. तिच्यावर घोडा वीस वेळा पडला आणि एकविसाव्याला ती मोडली. मोडलेल्या जागी भिंगाने बघितलं तर कानशीची आडवी रेघ होती. तडा नेमका तिथूनच सुरू झालेला. चौथी पट्टी कडक करण्याआधी पॉलिश पेपरने फक्त लांबीच्या दिशेने घासली, एकही आडवी रेघ ठेवली नाही. ती आजतागायत टिकलीय. व्ही स्प्रिंग करणाऱ्यांनी या पूर्ण प्रकल्पातून एवढी एकच गोष्ट घेतली तरी चालेल.

29 सप्टेंबर

गार. युरोपात यासाठी चुन्याच्या खडकातला फ्लिंट वापरत. आपल्याकडे काळा पाषाण, त्यात तो नाही. पण आपल्या आज्ज्या चकमकीवर गारगोटीनेच चूल पेटवायच्या, म्हणजे सोय इथेच आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटी नावाचं गावच आहे, तिथपर्यंत जायची गरज पडली नाही. सासुरवाडीला नवीन विहीर खोदलीय, तिच्या मुरमाच्या ढिगात गारगोट्या पसरलेल्या होत्या. आधी पांढऱ्या चमकदार स्फटिकाच्या निवडल्या, दिसायला देखण्या म्हणून. दोन घावांत साखरेसारख्या चुरल्या. मग राखी रंगाच्या, आत पट्टे असलेल्या, मेणासारखी झाक असलेल्या घेतल्या, म्हणजे अकीकाच्या जातीच्या. त्या फोडल्यावर काचेसारखी धार निघते आणि टिकते. फोडताना हातमोजे आणि चष्मा. मी हातमोजे घातले नव्हते, अंगठ्याला दोन टाके पडले.

6 ऑक्टोबर

गार जबड्यात बसवली की सरकायची. नुसत्या लोखंडी जबड्यात दगड कधीच धरत नाही. फाटक्या कोल्हापुरी चपलेचं कातडं कापून गारेभोवती गुंडाळलं, मग स्क्रू आवळला. धरली.

तरी ठिणगी नाही. गार फ्रिझनवर सरळ आदळत होती आणि धार बोथट होत होती. फोनवर घोडा पडतानाची हालचाल सावकाश करून बघितली तेव्हा चूक दिसली. गारेने आपटायचं नसतं, वरून खाली तासत यायचं असतं. गार उलटी करून उताराची बाजू खाली केली, कातडं थोडं पुढे घेतलं, म्हणजे धार फ्रिझनच्या वरच्या तिसऱ्या भागाला लागून खाली घासत येईल.

संध्याकाळी साडेसहाला, लाइट गेलेली असताना, अंधाऱ्या शेडमध्ये ठिणग्यांचा झोत वाटीत पडला. फ्रिझन मागे उलटलं, वाटी उघडी झाली, ठिणग्या आत. मी एकटाच होतो. अजून सात-आठ वेळा पाडला, कुणाला सांगायला न जाता.

11 ऑक्टोबर

उद्या दसरा. लेथ पुसून, तेल देऊन ठेवला. दोन्ही खटके झेंडूच्या फुलांशेजारी मांडले. वाटीत दारू घालायची नाही, पण पोरांना आग लागलेली दिसली पाहिजे. उपाय आज सापडला: जुन्या सुती धोतराचा तुकडा बंद डब्यात तापवून काळा केला. त्यावर एक ठिणगी पडली की लाल ठिपका पसरत जातो, ज्वाळा नाही, धूर जेमतेम. हाच आज्जीच्या चकमकीतला जळका कापूस.

20 ऑक्टोबर

सागवानी फळ्यांवर दोन्ही खटके बसवले. मिरजेतल्या एका तंबोरा करणाऱ्या कारागिरांकडून चपडा लाखेचं पॉलिश कसं चढवायचं ते शिकून घेतलं. "पातळ हात, पुष्कळ हात," एवढंच म्हणाले. फळी 900, पॉलिशचं सामान 250.

दोन्ही खटके सेकंदाला 240 चित्रांच्या वेगाने फोनवर टिपले. टोपीचा: चाप दाबल्यापासून टिकली फुटेपर्यंत 9 चित्रं. चकमकीचा: ठिणगी वाटीत पोचेपर्यंत 14. म्हणजे अंदाजे 37 मिलिसेकंद विरुद्ध 58. खऱ्या बंदुकीत रंजक पेटून आग कानातून आत जायला आणखी वेळ लागतो. त्या सगळ्या वेळात नेम धरून उभं राहायचं आणि तेही डोळ्यांसमोर वाटीत भडका उडत असताना.

स्कॉटलंडच्या फोर्साइथ नावाच्या धर्मोपदेशकाची हीच तक्रार होती. वाटीतला भडका बघून बदकं उडून जायची. त्यातून त्याने आघाताने फुटणाऱ्या मसाल्याचा खटका काढला, पेटंट 1807 चं. शिकारीतल्या वैतागातून निघालेली गोष्ट पुढे लष्कराने उचलली. 1834 साली इंग्रजांनी लंडनजवळच्या वूलिचला दोन्ही प्रकारांच्या 6000-6000 फैरी झाडून बघितल्या. चकमक 922 वेळा फुसकी गेली, टोपी 36 वेळा.

मेहुण्याने हा आकडा वाचून विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. मी त्याला आमच्या नोंदवहीचं पान दाखवलं. शेवटच्या 50 पाडण्यांत चकमक 41 वेळा नीट, टिकली 46 वेळा. टिकल्यांच्या चार चुका कागद दमट होता म्हणून, टोपीच्या पद्धतीचा दोष नाही. तांब्याच्या टोपीला पाऊस एवढा बाधत नाही, चकमकीच्या वाटीत चार थेंब पडले तरी खेळ खलास. विश्वासाच्या बाबतीत टोपीच श्रेष्ठ, यावर मी वाद घालत नाही.

पण मला कोणता आवडला विचाराल तर चकमकीचा. टोपीचा खटका चार दिवसांत झाला आणि त्यात मला काहीही कळलं नाही. खोलग्याची गोष्ट सोडली तर. जे काही घडतं ते त्या इवल्या टोपीच्या आत घडतं आणि ती टोपी कुणीतरी कारखान्यात केलेली असते. ऑगस्टमध्ये टिकलीसाठी पाच दुकानं फिरलो तेव्हाच मला खटकलं होतं. टोपी संपली की टोपीची बंदूक म्हणजे काठी. अमेरिकेत डोंगरात फिरणारे कित्येक शिकारी याच कारणाने टोपी आल्यावरही चकमकच बाळगून होते. माझी गार विहिरीच्या मुरमातून आली, कातडं चपलेतून, पोलाद कानशीतून, आणि आग धोतरातून.

मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्हाला दोन महिने छळलं म्हणून तुम्हाला ते आवडतंय."

असेल.

28 ऑक्टोबर

वसुबारस, प्रदर्शनाचा पहिला दिवस. सकाळपासून टोपीच्या खटक्यापुढे पोरांची रांग, कारण आवाज येतो. दुपारी तीनपर्यंत टिकल्यांचे दोन डबे संपले. चकमकीपुढे म्हातारी माणसं थांबत होती. एका आजींनी गार हातात घेतली, धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ह्याच्यानं आमी चूल पेटवायचो." त्यांच्या नातवाने तोवर टिकलीचा नंबर सोडून इकडे उडी मारली.

चारच्या सुमाराला चकमक बंद पडली. फ्रिझनवर हाताचं तेल आणि काजळी बसली होती. स्पिरिटच्या फडक्याने पुसलं, गार एक मिलिमीटर पुढे घेतली, सुरू. दर वीस पाडण्यांनंतर पुसायला एक पोरगा नेमला.

3 नोव्हेंबर

हिशेब, कुणाला करायचं असेल तर. वाया गेलेलं पहिलं ॲक्रिलिक 1150. बाकी: ॲक्रिलिक 780, एमएस आणि बोल्ट 540, पितळ 620, पाटा 140, लोहारमामा 600, सागवान 900, पॉलिश 250, टिकल्या 110. एकूण 5090 रुपये. अंगठ्याचे टाके आणि ओव्हन यात धरलेले नाहीत. रविवार दहा, शिवाय त्या पावसातला आठवडा.

वाया गेलेल्या तीन स्प्रिंगा आणि चिरलेलं फ्रिझन एका छोट्या फळीवर खिळ्यांनी लावून ठेवलंय. ते पुढच्या वर्षी दोन्ही खटक्यांच्या शेजारी मांडायचं. मामांनी आज निरोप पाठवला की गळीत हंगामाचे कोयते उरकले की शेडवर येतो, ठिणगी बघायची राहिलीय.